साडेतीनशे सीसीच्या आत दोन सिलिंडर द्या
मोटारसायकल कंपन्यांच्या इंजिन-विभागांना खुले पत्र

प्रति,
आकुर्डी, चाकण, होसूर, चेन्नई, जयपूर, मानेसर, जिथे जिथे पुढच्या गाडीचं इंजिन आखलं जातं तिथल्या सर्व अभियंत्यांना, आणि ते इंजिन बनवायचं की नाही हे ठरवणाऱ्या त्यांच्या वरिष्ठांना,

सप्रेम नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या मोटारसायकलींच्या बाजारात मधोमध एक रेघ ओढली गेली. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना आधी जीएसटी आणि सेस मिळून ३१ टक्के लागत होते, ते ४० झाले. तेव्हापासून तुमच्याकडे कसला हिशेब चालू असेल याचा अंदाज आम्हालाही येतो. ३७३, ३९८, ४४० सीसीची इंजिनं तुमच्याकडे तयार आहेत, चालतात, विकली जातात. आता ती रेघेच्या खाली कशी आणायची? बोअर (सिलिंडरचा व्यास) कमी करायचा की स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव)? एकच सिलिंडर, तोच पिस्टन, फक्त थोडा लहान.

हे पत्र लिहिते आहे ते एवढं सांगायला, की त्याच रेघेखाली आणखी एक गाडी बसते आणि ती आज आपल्याकडे कोणी बनवत नाही. ३५० सीसीच्या आतली, दोन सिलिंडरची, कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांतच) ओढणारी, रोज ऑफिसला नेता येईल आणि सुट्टीला डबलसीट कोकणात उतरवता येईल अशी साधी मोटारसायकल. कर सीसी मोजतो, सिलिंडर मोजत नाही.

मी कराडला राहते. रोजचं जाणं-येणं दुचाकीवरच, आणि जमेल तेव्हा कुंभार्ली उतरून चिपळूण, कधी आंबेनळी, कधी आंबोली. मागे बहुतेक वेळा नवरा असतो, कधी आई. आमचा गाडीवाल्यांचा एक गट आहे. त्यात बुलेटवाले आहेत, पल्सरवाले आहेत, जुनी आरएक्स १०० जिवापाड जपणारा एक जण आहे, आणि कर्ज काढून मोठी ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, घेतलेले दोघे. इंजिन कसं असावं यावर आमच्यात जितका वाद होतो तितका निवडणुकीवरही होत नाही. त्या वादातून जे माझ्या मनात पक्कं झालं, ते इथे मांडते.

आधी सिंगलबद्दल, म्हणजे एका सिलिंडरच्या गाडीबद्दल बोलते, कारण तिच्यावर अन्याय करायचा नाही. ९७.२ सीसीची स्प्लेंडर या राज्यातल्या दूधवाल्यांनी, शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी उगाच उचललेली नाही. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती बांधावरून जाते, वर ॲव्हरेज असं देते की पेट्रोलचा खर्च अंगावर येत नाही. हेड खोलायचं झालं तर गावातला मिस्त्री झाडाखाली बसून खोलतो. तिथे दुसरं सिलिंडर मागणं चुकीचंच. आणि बुलेट? ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, जड फ्लायव्हील. सावकाश चालत राहण्याचं जे सुख त्या जुन्या इंजिनात होतं ते मी नाकारणार नाही. आजची लाँग-स्ट्रोक सिंगलही त्याच वाटेने जाते. होंडाची सीबी ३५० तिचा सुमारे ३० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवणारी ओढ) ३,००० आरपीएमलाच देते. कुंभार्लीच्या वळणावर, मागे माणूस आणि पिशव्या असताना, गिअर न बदलता गाडी वर येते ती याच टॉर्कमुळे. पुस्तकातल्या अश्वशक्तीचा आकडा त्या वळणावर कामाला येत नाही.

अडचण घाट संपून हायवे लागला की सुरू होते.

चार स्ट्रोकच्या सिंगलमध्ये क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मधल्या वेळात एक मोठा पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक वेळी त्याला अडवण्याचं आणि ढकलण्याचं जे बळ लागतं ते आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आरपीएम दुप्पट झाले की हादरा चौपट. बॅलन्सर शाफ्ट (उलटा हादरा देणारा वजनदार दांडा) लावून तुम्ही त्यातला बराचसा भाग मारता, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत ते काम तुम्ही फार चांगलं केलं आहे, हे मोकळेपणाने मान्य. तरीही कराडहून पुण्याला जाताना ताशी ८०-९० वर तासभर गेल्यावर हँडलमधली झिणझिणी बोटांत उतरते, फूटपेगमधली तळव्यांत. मागे बसलेल्या माणसाला ती जास्त जाणवते, कारण त्याच्या हातात थ्रॉटल नाही आणि दुसरं काही करायलाही नाही. आई सातारा आलं की उतरून पाय झटकते.

हेच ३५० सीसी दोन पिस्टनांत वाटले, की प्रत्येक पिस्टन हलका होतो आणि त्याचा स्ट्रोक आखूड होतो. मी कागदावर मांडून पाहिलं. ६० मिलिमीटर बोअर, ६१.५ मिलिमीटर स्ट्रोक, दोन सिलिंडर: सुमारे ३४८ सीसी. असा पिस्टन ७,००० आरपीएमला सरासरी सेकंदाला साधारण १४.४ मीटर वेगाने धावेल. ९०.५ मिलिमीटर स्ट्रोकची सिंगल ५,५०० आरपीएमलाच १६.६ मीटरवर पोहोचते. जास्त फिरूनही कमी धावपळ करणारं इंजिन रेघेच्या आत बसतं.

इथे तुमच्याकडून येणारं उत्तर मला पाठ आहे. एका शोरूममध्ये मला ते ऐकवलंही गेलं: "मॅडम, छोट्या ट्विनला खालून दम नसतो." आपल्याकडे आजवर आलेल्या छोट्या ट्विन बघितल्या तर हे खरंच वाटतं. कावासाकीच्या निंजा ३०० चा बोअर ६२, स्ट्रोक फक्त ४९, आणि कमाल टॉर्क मिळतो तो १०,००० आरपीएमला. यामाहा आर३ चा बोअर ६८, स्ट्रोक ४४.१, टॉर्क ९,००० ला. गाड्या सुंदर आहेत, पण त्या रेसट्रॅककडे तोंड करून बनवलेल्या आहेत. रुंद बोअर, आखूड स्ट्रोक, वरच्या आरपीएमसाठी घासलेले कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे). खालून दम नसण्याचं कारण हे आहे. दुसऱ्या सिलिंडरचा त्यात दोष नाही. तुम्ही आम्हाला ट्विनचा एकच स्वभाव दाखवला आणि मग सांगितलं की ट्विनचा स्वभावच असा.

दुसरा स्वभाव कसा असतो हे चेन्नईवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. २०१८ साली आलेलं रॉयल एन्फिल्डचं ६४८ सीसीचं ट्विन: ४७ अश्वशक्ती, ५२ न्यूटन मीटर, हवा आणि ऑइलवर थंड होणारं, कुठल्याही गिअरमध्ये ओढणारं. आमच्या गटातल्या बुलेटवाल्याने ते एकदा चालवलं आणि उतरल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे असं आपल्या साडेतीनशेत का नाही?" माझा प्रश्न त्याचाच आहे. ते इंजिन त्याच प्रमाणात घटवून ३४८ सीसीवर आणलं तर हिशेबाने २५ अश्वशक्ती आणि २८ न्यूटन मीटर निघतात. म्हणजे आजच्या ३४९ सीसीच्या सिंगलइतकाच टॉर्क, पाच अश्वशक्ती जास्त, आणि हादरे कितीतरी कमी.

आणि हे काही स्वप्नरंजन नव्हे. १९५७ साली ट्रायम्फने थ्रीटीए, म्हणजे 'ट्वेंटी-वन', नावाची गाडी काढली होती. दोन सिलिंडर, बोअर ५८.२५, स्ट्रोक ६५.५, एकूण सुमारे ३४९ सीसी. रोजच्या वापराची, सभ्य, शांत गाडी. चाकणमध्ये आज ट्रायम्फचा बिल्ला लावलेल्या गाड्या बनतात, त्या सगळ्या एका सिलिंडरच्या. ज्या कंपनीने १९३७ मध्ये स्पीड ट्विन आणून साऱ्या ब्रिटिश उद्योगाला पॅरलल ट्विनच्या (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरच्या इंजिनाच्या) मागे लावलं, तिच्या नावाची साडेतीनशेची ट्विन महाराष्ट्रातल्या कारखान्यातून निघावी, यापेक्षा योग्य जागा मला तरी दिसत नाही.

"पण भारताने ट्विन एकदा नाकारली आहे," असंही ऐकू येतं. राजदूत ३५० बद्दल बोलताय ना? १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० फरिदाबादहून काढली. टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, त्या काळी आपल्या रस्त्यांवर तिच्यासारखं पळणारं दुसरं काही नव्हतं. ती चालली नाही, हे खरं. पण का? ती पेट्रोल पीत होती आणि महाग होती. लोक त्या दिवसांत १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० चं ॲव्हरेज बघून हरखले होते. त्यांनी नाकारली ती तिची तहान. तिच्या सिलिंडरांवर कोणाचा राग नव्हता, उलट आज तीच गाडी लोक शोधत फिरतात आणि सापडली की मागेल ती किंमत मोजतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या टू-स्ट्रोकच्या खर्चावरून आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक ट्विनचा निकाल लावू नका. सिंगलपेक्षा लिटरमागे चार-पाच किलोमीटर कमी मिळाले तरी ही गाडी घेणारा माणूस ते सोसेल. मी सोसेन.

क्रँकबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गाडीचा स्वभाव तिथेच ठरतो आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत असतो. दोन पिस्टन एकत्र वर-खाली जाणारा ३६० अंशांचा क्रँक जुन्या ब्रिटिश गाड्यांचा. स्फोट समान अंतराने होतात, आवाज गोड आणि एकसुरी, पण हादरे जवळजवळ सिंगलसारखेच. १८० अंशांत एक वर तर दुसरा खाली, म्हणून हादरे एकमेकांना मारतात आणि इंजिन मोकळेपणाने वर फिरतं. निंजा आणि आर३ त्यातल्याच. २७० अंशांत स्फोटांमधलं अंतर २७० आणि ४५०, म्हणजे ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखंच (व्ही अक्षरासारखे तिरके दोन सिलिंडर असलेलं इंजिन). यामाहाने ही मांडणी १९९५ मध्ये टीआरएक्स ८५० मध्ये आणली. आज रॉयल एन्फिल्डची ६५० आणि बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ दोन्ही २७० अंशांच्या आहेत. यात टॉर्क वाढत नाही, तसं कोणी सांगत असेल तर ते चूक. फरक वेगळा आहे. एक पिस्टन थांबलेला असतो तेव्हा दुसरा जोरात असतो, त्यामुळे क्रँकच्या फिरण्यातले पिस्टनांच्या वजनाचे झटके बरेचसे मिटतात आणि चाकापर्यंत पोहोचते ती मुख्यतः स्फोटाची ओढ. ओल्या घाटात अर्धा थ्रॉटल धरून वळण घेताना मागचं चाक काय करतंय ते उजव्या हाताला नीट कळतं. पावसाळ्यात आंबेनळी चढलेल्या माणसाला या एका गोष्टीची किंमत विचारा. माझं मत स्पष्ट आहे: २७० अंश, आणि एक नीट बॅलन्सर.

बाकीच्या मांडण्यांवर फार वेळ घालवत नाही. व्ही-ट्विन मलाही आवडते. पुण्याच्या कायनेटिकने २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत ह्योसंगच्या २५० सीसी व्ही-ट्विन आणल्या होत्या, त्या अजून लोकांच्या आठवणीत आहेत. पण दोन वेगळी हेड, दोन वेगळ्या कॅमचेन आणि मागच्या सिलिंडरची उष्णता थेट मांडीवर, हे साडेतीनशेच्या किमतीत आणि एप्रिलच्या उन्हात परवडणारं नाही. एका ओळीतले चार सिलिंडर ऐकायला स्वर्ग, मात्र त्यांची मजा जिथे सुरू होते तिथे आपला रस्ता संपलेला असतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आम्हाला बंदी, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरही बंदी, आणि चौपदरी हायवेवर दुचाकीची मर्यादा ताशी ८०. आमच्या वाट्याला पुणे-कोल्हापूर, मुंबई-गोवा आणि सह्याद्रीतले घाट. त्या रस्त्यांना शोभेल असं इंजिन मागते आहे.

याच ओघात एक गोष्ट सांगायलाच हवी. एप्रिलिया ४५७ ची ताकद ३५ किलोवॅट आहे. हा आकडा युरोपातल्या ए-टू परवान्याची, म्हणजे मध्यम ताकदीच्या मोटारसायकलींच्या परवान्याची, मर्यादा आहे. बारामतीचा कामगार ती गाडी जोडतो, बारामतीचा तरुण ती शोरूमच्या काचेतून बघतो, आणि तिचा आकार ठरतो तो युरोपच्या परवान्यावरून. निर्यातीसाठी ते योग्यच आहे, गाडी उत्तमही आहे. पण आमच्या करमर्यादेवरून आखलेली एक तरी ट्विन असू द्या.

आता वजन, खर्च आणि देखभाल, कारण तुमच्या बैठकीत प्रस्ताव पडतो तो इथे. ट्विन जड होईल म्हणता? निंजा ३०० पेट्रोलसह १७९ किलोची आहे. एका सिलिंडरची क्लासिक ३५० भरते १९५. माझी उंची पाच फूट दोन इंच. पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना हे सोळा किलो मला रोज कळतात. गाडी जड होते ती पत्र्याने, फ्रेमने आणि मडगार्डने. व्हॉल्व्ह वाढतील म्हणता? तुमच्या चार व्हॉल्व्हच्या सिंगलमध्ये जेवढे व्हॉल्व्ह आहेत तेवढेच दोन-दोन व्हॉल्व्हच्या ट्विनमध्ये लागतात. प्लग वाढतील? आकुर्डीच्या बजाजने एका सिलिंडरला दोन आणि पुढे २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तीन प्लग लावून ते घरोघर पोहोचवले आहेत. टॅपेट शिमचे (चकत्या बदलून फट जुळवायचे) ठेवू नका, स्क्रू आणि लॉकनटचे ठेवा, म्हणजे पाटणचा मिस्त्रीही फिलर गेज घेऊन ते सेट करू शकेल. रेडिएटर टाळता आला तर टाळा. दुसरं इंजेक्टर आणि जास्तीचं मशिनिंग यांचा खर्च येणार, तो नाकारत नाही. पण रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत अडीच लाख होती. साडेसहाशेची ट्विन त्या किमतीत देता आली होती, तर १८ टक्के करातली साडेतीनशेची का देता येऊ नये?

आवाजाबद्दल तुम्ही बोलायला कचरता, म्हणून मी बोलते. राज्यात शहराशहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवतात. ती कारवाई बरोबरच आहे. रात्री दवाखान्यासमोरून फटाके वाजवत जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण पोरं सायलेन्सर का बदलतात, याचा थोडा विचार तुम्हीही करा. त्यांना इंजिनाचा आवाज हवा असतो, आणि त्यांच्या बजेटमधल्या सगळ्या गाड्यांचा आवाज जवळजवळ एकच. २७० अंशांची ट्विन कंपनीच्या सायलेन्सरमधूनही वेगळी बोलते, डेसिबल न वाढवता. स्फोटांमधलं विषम अंतरच तिला लय देतं. ती लय कायद्याच्या आत राहून देण्याची ताकद तुमच्याकडे आहे.

दोन मागण्या तर नवं इंजिन न बनवताही पुऱ्या करता येतील. माहितीपत्रकात कमाल टॉर्क आणि कमाल अश्वशक्ती एवढेच आकडे छापता, त्याऐवजी टॉर्कचा अख्खा आलेख छापा, १,५०० आरपीएमपासून शेवटपर्यंत. आम्हाला वाचता येतो. आणि टेस्ट राइड शोरूमभोवतीच्या एका चकरेवर आटोपू नका. इंजिनाचा स्वभाव तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, डबलसीट कळतो. कराड, महाड, चिपळूण, आंबोली, अशा घाटांजवळच्या गावांत महिन्यातून एकदा गाडी आणून ठेवा, लायसन्स बघा, डिपॉझिट घ्या आणि घाटात जाऊन येऊ द्या. ग्राहकाला काय आवडतं याचा अभ्यास तुम्ही प्रश्नावल्या भरून करता. प्रश्नावलीत "ॲव्हरेज महत्त्वाचं वाटतं का" असं विचारलं तर सगळे "हो" म्हणणारच. मीही म्हणेन. ज्याने साडेतीनशेची शांत ट्विन कधी चालवलीच नाही, तो ती मागणार कशी?

तेव्हा माझी मागणी नेमक्या शब्दांत अशी: ३५० सीसीच्या आत पॅरलल ट्विन, २७० अंश, टॉर्कचा मोठा भाग ३,००० आरपीएमच्या आसपास, वजन पेट्रोलसह १८० किलोच्या आत, सीटची उंची ७९० मिलिमीटरपेक्षा कमी, मागच्या माणसाला खरोखर बसता येईल अशी सीट, किंमत सव्वादोन ते अडीच लाख. बिल्ला कोणाचाही चालेल. तुमच्यापैकी जी कंपनी पहिला नमुना घाटात चालवायला देईल तिच्याकडे मी, आणि आमच्या गटातला तो बुलेटवालाही, बुकिंगचे पैसे घेऊन येऊ.

आपली,
कराडची एक दुचाकीस्वार